भाजल्यानंतरची पहिली २० मिनिटं आणि पुढचे महिने: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जळीत विभागात काम करताना एक प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की आधी तोच सांगते. दीड वर्षाचं मूल. मोठ्या माणसाच्या हातातला गरम पेयाचा कप त्याने खाली ओढला. हनुवटी, मान, छातीची एक बाजू आणि दंड पोळला. आईने घाबरून सगळ्यावर टूथपेस्ट थापली, मुलाला चादरीत गुंडाळलं आणि मिळेल त्या गाडीने धावत आली. ड्रेसिंगच्या टेबलावर आमचं पहिलं काम काय, तर ती वाळलेली पेस्ट ओल्या गॉजने सोडवून काढणं. फोडांची साल पेस्टला चिकटलेली असते आणि पेस्टबरोबर तीही निघून येते. मूल किंचाळतं, आई दाराबाहेर कानांवर हात ठेवून उभी असते. नंतर विचारलं की कळतं, अपघात झाला तिथून नळ चार पावलांवर होता.

त्या आईला मी कधीच दोष देत नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांनी नुकतंच शहरात घर मांडलं आहे, ज्यांच्या घरात पहिलं मूल रांगायला लागलं आहे, किंवा ज्यांच्यावर इमारतीत, कामाच्या जागी प्रथमोपचाराची जबाबदारी नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं किंवा निम्मं नुकसान झालेलं असतं, आणि ते तुमच्या हातात असतं.

आधी हे समजून घ्या: कोण, कुठे, कसं भाजतं

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भाजल्यामुळे जगभरात दर वर्षी सुमारे १,८०,००० माणसं मरतात. त्यातली बहुतेक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. जी वाचतात आणि वाकडी बोटं, आखडलेली मान घेऊन जगतात, त्यांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे.

शहरात जागा कमी. जिथे स्वयंपाक होतो तिथूनच ये-जा असते, तिथेच मूल खेळतं, तिथेच मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. त्यामुळे सर्वांत जास्त अपघात घरात आणि घरातही स्वयंपाकाच्या जागी होतात. बोलताना आपण पोळणं आणि भाजणं हे शब्द अदलाबदल करून वापरतो, पण वॉर्डात हा फरक कामाचा असतो. लहान मुलं बहुतेक करून पोळतात: उकळतं पाणी, गरम पेय, अंघोळीची बादली. मोठी माणसं ज्वाळेने भाजतात: गॅसची गळती, पेटलेलं तेल, कपड्याला लागलेली आग. कामावर असलेल्यांना वीज आणि रसायनं गाठतात. म्हाताऱ्या माणसांचं वेगळंच असतं. त्यांची कातडी पातळ, हालचाल मंद, आणि मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल तर गरम पाण्याची पिशवी रात्रभर तळव्याला टेकलेली असते आणि सकाळी फोड दिसतो तेव्हाच कळतं. अपस्मार म्हणजे फिट येणाऱ्या माणसाचा धोकाही लक्षात ठेवा. तो शेगडीवर किंवा उकळत्या भांड्यावर कोसळतो आणि शुद्धीत नसल्यामुळे हात मागे घेत नाही.

जखमेचा आकारही बोलतो. मुलाने वरून भांडं ओढलं तर चेहरा, खांदा, छाती जास्त पोळते आणि खाली पाणी ओघळत निवत जातं, म्हणून डाग खाली निमुळता होतो. पण दोन्ही पाय मोज्यासारखे एका सरळ रेषेपर्यंत पोळलेले असतील आणि आजूबाजूला एकही शिंतोडा नसेल, तर त्या मुलाला पाण्यात धरलं गेलं असण्याची शक्यता असते. तसंच एखादी बाई ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असं खाली मान घालून सांगते आणि घरचं माणूस तिच्या उशापासून हलत नाही, तेव्हा तिला एकटीला, शांतपणे विचारावं लागतं. प्रथमोपचार करणाऱ्याने चौकशी अधिकारी व्हायचं नाही. मात्र जे दिसलं, जे ऐकलं, ते डॉक्टरांच्या कानावर जरूर घालायचं.

पायरी १: उष्णता तोडा

कपड्याला आग लागली की माणूस पळतो, आणि पळाल्याने वारा लागून आग भडकते. त्याला थांबवा, जमिनीवर आडवं पाडा, लोळायला लावा. जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून ज्वाळा दाबा. उभ्या माणसाची ज्वाळा वर चेहऱ्याकडे जाते, म्हणून आडवं होणं महत्त्वाचं.

गरम पाणी किंवा तेल सांडलं असेल तर भिजलेले कपडे ताबडतोब काढा, बाळाचा डायपरसुद्धा. कापड उष्णता धरून ठेवतं आणि कातडी त्याखाली शिजत राहते. कातडीला घट्ट चिकटलेलं कापड मात्र ओढू नका. ते तसंच ठेवून त्यावर पाणी सोडा.

विजेचा धक्का बसला असेल तर माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. उच्चदाबाच्या तारेजवळ तर जाऊच नका. वीज कंपनीने प्रवाह तोडल्याची खात्री होईपर्यंत दूर थांबणं फार अवघड असतं, पण वाचवायला गेलेला दुसरा माणूसही गेला अशा घटना घडतात.

रसायन कोरडी पूड असेल तर आधी ती झटका, मग पाणी. द्रव असेल तर थेट भरपूर वाहतं पाणी, किमान २० मिनिटं. चुना, सिमेंट, तुंबलेली मोरी साफ करायची पावडर यांसारख्या क्षारांना त्याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो, कारण ते कातडी विरघळवत आत उतरतात. आम्लावर सोडा आणि सोड्यावर आम्ल असले प्रयोग करू नका, त्यांच्या अभिक्रियेतून आणखी उष्णता निघते. डोळ्यात गेलं असेल तर पापणी बोटांनी उघडी धरून धुवा.

पायरी २: २० मिनिटं पाणी

हा लेख वाचून एवढी एकच पायरी लक्षात राहिली तरी मला समाधान आहे.

शेगडी बंद केली तरी कातडीतली उष्णता लगेच संपत नाही. १९५३ साली जॅक्सन नावाच्या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने जखमेचे तीन भाग दाखवून दिले. मधोमध मेलेली कातडी, तिच्याभोवती रक्तप्रवाह मंदावलेली धोक्यातली कातडी, आणि सर्वांत बाहेर नुसती लाल झालेली, आपोआप बरी होणारी कातडी. मधोमधचा मेलेला भाग परत आणता येत नाही. सगळी लढाई त्या दुसऱ्या पट्ट्यासाठी असते. पाणी मिळालं तर तो जगतो, नाही मिळालं तर एक-दोन दिवसांत तोही मरतो आणि वरवरची जखम खोल होते. आपोआप बरं होणं आणि त्वचारोपण, म्हणजे दुसरीकडची कातडी काढून जखमेवर लावणं, लागणं यांतला फरक बऱ्याचदा एवढाच असतो.

कसं करायचं ते नीट सांगते. नळाचं साधं, गार वाटणारं पाणी हळुवार धारेने जखमेवर वाहतं ठेवा. मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावा, कारण अंदाजाने माणूस तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला थांबतो. मूल रडतं, बघणारे ‘चला चला, दवाखान्यात न्या’ म्हणून घाई करतात. थांबू नका. एकाने पाणी धरायचं, दुसऱ्याने गाडी बोलवायची. नळाला धार नसेल तर मगाने ओतत राहा. पाणीच कमी असेल तर स्वच्छ ओली फडकी ठेवा आणि ती कोमट झाली की बदला. सुरुवातीला जमलं नाही तरी भाजल्यापासून ३ तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका.

बर्फ नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि तो धोक्यातला पट्टाच मारला जातो. जखमेवर पाणी सुरू असताना बाकीचं अंग कोरडं, पांघरलेलं ठेवा. जखम मोठी असेल, आणि विशेषतः लहान मूल असेल, तर त्याचं अंग गार पडू लागतं. ते थरथरायला लागलं, मलूल झालं तर पाणी थांबवून ऊब द्या.

टूथपेस्ट, तेल, लोणी, अंड्याचा बलक, शाई, माती, कुठलीही पूड: यातलं काही लावू नका. तेलकट थराखाली उष्णता कोंडते, रंगीत लेपाखाली जखमेची खोली आम्हाला दिसत नाही, आणि तो काढताना काय होतं ते वर लिहिलंच आहे.

पायरी ३: अंगठी काढा, जखम झाका

पाणी सुरू असतानाच अंगठी, घड्याळ, कडं, पट्टा, बूट काढून घ्या. तासाभरात सूज चढते आणि मग अंगठी कापून काढावी लागते.

झाकायला स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक प्लास्टिकची फिल्म उत्तम. गुंडाळीचा पहिला वेढा टाकून द्या आणि पुढचा तुकडा जखमेवर नुसता पसरून ठेवा. हाताभोवती घट्ट गुंडाळू नका, सुजेला जागा हवी. फिल्म चिकटत नाही, आणि डॉक्टरांना न उघडताच जखम दिसते. ती नसेल तर धुतलेलं, लव न सुटणारं सुती कापड चालेल. कापूस नको. फोड फोडू नका.

पायरी ४: किती आणि किती खोल

जखमी माणसाचा स्वतःचा तळहात, बोटं जुळवून, म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण १ टक्का. तुमचा तळहात नव्हे, त्याचा. छोट्या विखुरलेल्या जखमा अशा मोजतात. मोठ्या माणसाच्या मोठ्या जखमांसाठी ९ चा नियम आहे: डोकं-मान ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, छाती-पोट मिळून १८, पाठ १८ आणि जननेंद्रियांचा भाग १. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, म्हणून त्यांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. नुसती लाली असलेला, फोड नसलेला भाग टक्केवारीत धरत नाहीत.

खोली ओळखताना नवे लोक एक चूक हमखास करतात: दुखत नाही म्हणजे किरकोळ असं समजतात. उलट आहे. वरवरची जखम लाल, ओलसर, प्रचंड झोंबणारी असते, कारण मज्जातंतूंची टोकं जिवंत असतात. पांढरट, मेणासारखी, तपकिरी किंवा चामड्यासारखी ताठ आणि न दुखणारी जखम सर्वांत खोल असते.

मूल असेल, वृद्ध किंवा गरोदर बाई असेल. चेहरा, हात, पावलं, सांधे, जननेंद्रियं यांपैकी कुठे भाजलं असेल. हाताभोवती किंवा छातीभोवती पूर्ण वेढा पडला असेल. वीज किंवा रसायन कारण असेल. किंवा जखम त्या माणसाच्या दोन-तीन तळहातांहून मोठी किंवा दिसायला खोल असेल, तर घरी वाट पाहू नका. विजेची जखम बाहेरून वाटाण्याएवढी दिसते आणि आत स्नायू जळलेले असतात. लघवी गडद तपकिरी होऊ लागली तर ते मूत्रपिंडावरचं संकट आहे, आणि हृदयाचे ठोकेही तपासावे लागतात.

बंद खोलीतल्या आगीतून बाहेर आलेल्या माणसाकडे वेगळं लक्ष द्या. नाकातले केस करपलेत, थुंकीत काजळी आहे, आवाज घोगरा झालाय, तर श्वासनलिका आतून सुजते आहे आणि काही तासांत बंद होऊ शकते. अशा वेळी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटलेला असतो आणि ते यंत्र त्यालाही ऑक्सिजनच समजतं. आकडा ९८ दाखवेल आणि माणूस गुदमरत असेल.

पायरी ५: रुग्णालयात काय सांगायचं, तिथे काय होतं

चार गोष्टी कागदावर लिहून न्या: कशाने भाजलं, किती वाजता, पाणी किती वेळ लावलं, धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली.

वेळेला इतकं महत्त्व का, ते सांगते. मोठ्या जखमेत रक्तातलं पाणी झिरपून जातं. मोठ्या माणसात साधारण १५ टक्क्यांच्या वर आणि मुलांत १० टक्क्यांच्या वर भाजलं की शिरेतून द्रव द्यावा लागतो. त्याचं जुनं, प्रसिद्ध गणित १९६८ च्या सुमाराचं: वजन गुणिले टक्केवारी गुणिले ४ मिलिलिटर. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर २४ तासांत ७,२०० मिलिलिटर, आणि त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास मोजायचे भाजल्या क्षणापासून. तुम्ही २ तास उशिरा पोचलात तर हातात ६ उरतात. आता अनेक ठिकाणी कमी प्रमाणापासून सुरुवात करून लघवीच्या मापावर ते वाढवतात-घटवतात, म्हणून आम्ही तासातासाला लघवी मोजतो. नातेवाइकांना वाटतं, वेदना सोडून हे काय चाललंय. रुग्णाचा जीव त्या मापावर टिकलेला असतो.

दुसऱ्या दिवशी चेहरा ओळखू न येण्याइतका सुजतो, डोळे मिटतात. घरच्यांना वाटतं नजर गेली. बहुतेक वेळा ती सूज असते आणि काही दिवसांत उतरते. हे आधीच सांगितलं तर केवढा धीर मिळतो.

खोल जखमेची मेलेली कातडी पूर्वी आपोआप गळेपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहत, आणि तेवढ्यात जंतुसंसर्गाने माणसं जात. स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरातल्या झोरा यांझेकोविच या शल्यचिकित्सक बाईंनी पहिल्या काही दिवसांतच ती कातडी थराथराने तासून लगेच त्वचारोपण करायला सुरुवात केली. १९७० मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं आणि उपचारांची दिशा बदलली. तेव्हा डॉक्टर लवकर शस्त्रक्रिया म्हणाले तर ‘आधी थोडं सुकू दे’ असा आग्रह धरू नका.

आणि खायला द्या. भाजलेलं शरीर ताप आल्यासारखं रात्रंदिवस इंधन जाळत असतं. प्रथिनांशिवाय नवी कातडी येत नाही. पथ्याच्या नावाखाली अशा माणसाला पातळ पेजेवर ठेवणं म्हणजे जखम उघडी ठेवणं.

पायरी ६: घरी परतल्यावर

जखम भरली की लोक म्हणतात, झालं. मला वाटतं, खरं कष्टाचं काम इथून पुढे असतं.

भरायला ३ आठवड्यांहून जास्त लागलेल्या जखमेवर जाड, उंच व्रण येण्याची शक्यता मोठी. तो महिनोन्‌महिने आकसत राहतो. आणि ज्या स्थितीत माणसाला बरं वाटतं, नेमक्या त्याच स्थितीत तो आखडतो. मान भाजलेल्याला उशी हवीशी वाटते, हनुवटी छातीकडे झुकते, सहा महिन्यांनी मान वर होत नाही. काख भाजली की हात अंगाशी धरला जातो, कोपर भाजलं की दुमडलं जातं. म्हणून मान भाजली असेल तर उशी काढा, खांद्याखाली घडी ठेवा. हात अंगापासून लांब ठेवा. कोपर, गुडघा सरळ. बोटांना स्प्लिंट, म्हणजे ती सरळ धरून ठेवणारा आधार. रोजचा व्यायाम दुखतोच. त्या वेळी दया येऊन ‘आज राहू दे’ म्हणणारं माणूस प्रेमापोटीच नुकसान करतं.

व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे, म्हणजे प्रेशर गारमेंट, दिवसातले जवळपास २३ तास घालायचे असतात, बहुधा वर्षभर. खाज रात्री असह्य होते. सौम्य, बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून अनेकदा चोळा, डॉक्टरांकडून खाजेची गोळी घ्या. व्रणावर वर्षभर तरी थेट ऊन पडू देऊ नका.

मनाचंही बघा. आरशात न बघणारं, घराबाहेर न पडणारं, झोपेत दचकणारं माणूस ‘हळूहळू होईल बरं’ म्हणून सोडून देऊ नका. समुपदेशन हा उपचाराचाच भाग आहे.

पायरी ७: एका संध्याकाळी घर फिरून बघा

न्हाणीघरापासून सुरू करा. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाला सुमारे ५ सेकंदांत खोल पोळवतं, मुलाला त्याहून लवकर. ४९ अंशांना त्याच इजेसाठी काही मिनिटं लागतात. म्हणून नळाशी येणारं पाणी ५० च्या आत राहील अशी सोय करा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि हात घालून बघितल्याशिवाय मूल जवळ नको.

स्वयंपाकघरात भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवा. किटलीची वायर लोंबू देऊ नका. मूल मांडीवर असताना गरम कप हातात नको, हा नियम पाहुण्यांनाही सांगा. सैल बाह्या, ओढणी बांधून घ्या. कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीही टाकू नका. शेगडी बंद करा, झाकण सरकवा, आणि निवेपर्यंत उघडू नका. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो, तो जमिनीलगत साठतो. वास आला तर विजेचं बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. शेगडीचा नॉब आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन फोन करा.

एका मल्टिप्लगवर हीटर, इस्त्री, ओव्हन नको. लिथियम बॅटरीची गाडी किंवा सायकल दाराच्या वाटेत, रात्री सगळे झोपलेले असताना चार्जिंगला लावू नका. ती पेटली तर बाहेर पडायची वाटच ती अडवते. वाट अडणं म्हणजे काय हे १९४२ साली बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइट क्लबच्या आगीने दाखवलं. ४९२ माणसं गेली. फिरतं दार गर्दीने अडकलं होतं आणि दुसरी दारं कुलूपबंद होती किंवा आत उघडणारी होती. तुमच्या मजल्यावरचा जिना आज बघून या. तिथे सामान, कपाट, बूट असतील तर शेजाऱ्यांशी बोला. धुरात गुडघ्यांवर, जमिनीलगत सरकायचं, बंद दार हाताच्या मागच्या बाजूने आधी चाचपायचं, लिफ्ट वापरायची नाही, हेही घरात एकदा करून बघा.

शेवटी सहा-सात वर्षांच्या मुलाला विचारा, ‘हात भाजला तर कुठे पळायचं?’ बहुतेक मुलं ‘आईकडे’ म्हणतात. त्याला नळापाशी न्या, हात धारेखाली कसा धरायचा ते दाखवा. मग नळ बंद करून तिथेच घड्याळ लावून दोघे उभे राहा, म्हणजे २० मिनिटं किती लांब असतात ते त्याला कळेल आणि तुम्हालाही.